ड्रायर का फिरत नाही?

मे महिन्यात सावनेरला भर दुपारी दोरीवर ओली चादर वाळत घातली, तर ती वाळायला किती वेळ लागेल? जेवण उरकून अंगणात यावे, तो चादर कडकडीत वाळलेली! नागपूर जिल्ह्याच्या या भागात मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सियसच्याही वर चढतो आणि हवा अगदी कोरडी असते. आता तीच चादर जुलैमध्ये वाळत घाला. कोलार नदीला पाणी आलेले असते, आभाळ खाली उतरलेले असते आणि हवेत आधीच इतकी वाफ असते, की बाष्पीभवन अगदी मंदावते. चादर दोन-दोन दिवस दमट राहते आणि तिला कुबट वास येऊ लागतो.

अशा दिवसांत ज्यांच्या घरी दोन टबांचे अर्धस्वयंचलित धुलाईयंत्र असते, त्यांची सगळी भिस्त त्यातल्या लहान टबावर असते. मोठ्या टबात कपडे धुवायचे आणि लहान टबात गरगर फिरवून त्यांतले पाणी काढून टाकायचे. या लहान टबालाच आपल्याकडे घरोघरी ‘ड्रायर’ म्हणतात. आणि नेमक्या पावसाळ्यात एखाद्या सकाळी टायमरची कळ फिरवावी, तर ड्रायर ढिम्म हलत नाही!

अशा वेळी लगेच मिस्त्रीला निरोप पाठवायचा का? कदाचित पाठवावा लागेलही. पण त्याआधी तुम्ही पुष्कळ काही शोधून काढू शकता, आणि तेही एकही स्क्रू न काढता. बिघाड शोधणे हे हातापेक्षा डोक्याचे काम अधिक आहे. शिवाय यात एक गंमत आहे. न चालणारे प्रत्येक यंत्र बिघडलेले असतेच असे नाही. काही वेळा ते मुद्दाम थांबलेले असते. ‘यंत्राला चालता येत नाही’ आणि ‘यंत्र चालायला नकार देत आहे’ या दोन गोष्टींतला फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. तो न ओळखल्यामुळे एखाद्याचा हात कायमचा जायबंदी होऊ शकतो. कसा, ते पुढे पाहूच.

वाळवणे नव्हे, पिळणे

ड्रायर का फिरत नाही हे शोधण्यापूर्वी तो फिरतो तेव्हा काय करतो ते पाहू.

खरे म्हणजे हा टब कपडे वाळवत नाही, पिळतो. तो मिनिटाला सुमारे १३५० फेरे घेतो. टबाची त्रिज्या १२ सेंटिमीटर धरली, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येतो. महामार्गावरून जाणाऱ्या मोटारीचा वेग एवढ्याशा टबात! कपडा वर्तुळात फिरत राहावा म्हणून टबाची भिंत त्याला सतत आत, केंद्राच्या दिशेने ढकलत असते. पाण्याच्या थेंबासमोर मात्र भिंतीतले भोक येते. तेथे त्याला आत ढकलणारे काही नसते. म्हणून तो सरळ रेषेत बाहेर निसटतो.

हा जोर किती असतो? वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा. उत्तर सेकंदवर्गाला सुमारे २,४०० मीटर येईल. गुरुत्वत्वरण ९.८ आहे. म्हणजे हा जोर गुरुत्वाच्या जवळजवळ २४५ पट झाला. ओला पंचा १०० ग्रॅमचा असेल, तर फिरणाऱ्या टबाच्या भिंतीवर तो सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हेच पाणी उष्णतेने घालवायचे म्हटले तर? २ लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे ४,८०० किलोज्यूल, म्हणजे १.३ युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. ड्रायरची मोटर २०० वॅटची धरा आणि ती ५ मिनिटे चालवा. खर्च ६० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटाचा फक्त साठावा भाग! जे पाणी फेकून देता येते, त्याची वाफ कशाला करायची? उरलेला ओलावा मात्र आपल्याला वाऱ्यावरच वाळवावा लागतो.

कोळशापासून टबापर्यंत

आता विजेच्या वाटेने जाऊ. सावनेर परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि तालुक्यातच खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर जनित्र फिरते आणि तयार झालेली वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते. गावातले रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवते आणि आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तने या गतीने बदलत असते.

घरात आल्यावर ही वीज ड्रायरच्या मोटरीपर्यंत कोणत्या ठाण्यांवरून जाते, ते क्रमाने लिहून काढा: घराचा मुख्य स्विच आणि फ्यूज किंवा एमसीबी, भिंतीवरचा स्विच, सॉकेट, प्लग, यंत्राची वायर, ड्रायरचा टायमर, झाकणाचा स्विच आणि शेवटी मोटर. काही मोटरींच्या वेटोळ्यातच आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो. मोटर फार तापली, की तो प्रवाह तोडतो.

ही सगळी ठाणी एकसरीत, म्हणजे माळेतल्या मण्यांसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. माळेचा दोरा कोठेही तुटला तरी माळ तुटतेच. त्याचप्रमाणे या साखळीतला कोणताही एक दुवा उघडा राहिला, तर खापरखेड्याचा सगळा कोळसा जाळूनही ड्रायर फिरणार नाही. मग तुटलेला दुवा शोधायचा कसा?

आधी कान द्या

टायमर फिरवा, झाकण नीट बंद करा आणि कान देऊन ऐका. दोनच शक्यता आहेत. एक, मोटरीचा काहीच आवाज येत नाही. दुसरी, मोटर ‘घूंऽऽ’ अशी गुणगुणते, पण टब फिरत नाही.

या एका निरीक्षणाने अर्धे काम होते. गुणगुण ऐकू आली, की वीज मोटरीपर्यंत पोचली हे सिद्ध झाले. म्हणजे प्लगपासून झाकणाच्या स्विचपर्यंतची सगळी ठाणी एका क्षणात निर्दोष ठरली. दोष त्यांच्या पुढे आहे. उलट आवाज मुळीच नसेल, तर विजेची वाट मध्येच कोठेतरी अडली असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.

मात्र एक फसगत टाळा. टायमरची टिकटिक म्हणजे मोटरीचा आवाज नव्हे. बहुतेक दोन टबांच्या यंत्रांतला टायमर गजराच्या जुन्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. कळ फिरवताना आपणच ती स्प्रिंग गुंडाळतो. घरातली वीज गेली असली तरी तो टिकटिक करतच राहतो. टिकटिक ऐकू आली याचा अर्थ एवढाच, की स्प्रिंग ठीक आहे.

मुळीच आवाज नाही तेव्हा

आता एक युक्ती पाहा. याच यंत्राच्या धुण्याच्या टबाचा टायमर फिरवा. या यंत्रांत बहुधा दोन मोटरी असतात, एक धुण्याची आणि एक ड्रायरची. वायर आणि प्लग मात्र दोघींना मिळून एकच. धुण्याची मोटर चालली, तर मुख्य स्विच, सॉकेट, प्लग आणि वायर ही सगळी ठाणी एका फटक्यात यादीतून गेली. दोष ड्रायरच्या टायमरपासून पुढे आहे.

तीही चालली नाही, तर दोष अलीकडे आहे. घरातले दिवे लागतात का? लागत असतील तर यंत्राचा प्लग काढून त्याच सॉकेटमध्ये टेबलदिवा लावून पाहा. तोही लागला नाही, तर बिघाड यंत्रात नाहीच. सॉकेट, भिंतीचा स्विच किंवा फ्यूज तपासायला हवा. दिवा लागला, तर प्लग किंवा वायर संशयित ठरते. पावसाळ्यात ओल टाळून उंदीर घरात शिरतात आणि यंत्राच्या खालच्या मोकळ्या बाजूने आत जाऊन वायरी कुरतडतात. त्यामुळे यंत्रामागे कुरतडलेल्या प्लॅस्टिकचा भुगा दिसला, तर प्लग काढून ठेवा आणि मिस्त्रीला तो भुगा आवर्जून दाखवा.

एमसीबी खाली पडलेली असेल तर एकदा वर करून पाहायला हरकत नाही. पण ती पुन्हा पडली, तर पुनःपुन्हा वर करीत बसू नका. ती ‘कोठेतरी प्रवाह वाजवीपेक्षा जास्त वाहतो आहे’ असे सांगत असते. सांगणाऱ्याचे तोंड दाबून बातमी खोटी होत नाही. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे तर पहारेकऱ्याला झोपेचे औषध देण्यासारखेच आहे.

आणि ड्रायर नुकताच तीन-चार वेळा लागोपाठ चालवला होता का? तसे असेल तर मोटर तापून तिच्यातल्या पहारेकऱ्याने प्रवाह तोडला असेल. अर्धा तास थांबा. काही मोटरींतला हा पहारेकरी थंड झाल्यावर आपोआप प्रवाह पुन्हा जोडतो.

नकार देणारे झाकण

एवढे सगळे ठीक असूनही ड्रायर गप्पच असेल, तर झाकणाकडे वळा. ड्रायरचे झाकण बंद केल्यावर त्याचा एक छोटा दांडा वरच्या पट्टीतल्या स्विचची पाती दाबतो आणि मंडल पूर्ण होते. झाकण उघडले की दोन गोष्टी एकदम होतात: स्विच मोटरीचा प्रवाह तोडतो आणि झाकणाला जोडलेली तार ब्रेक लावते. काही सेकंदांत टब थांबतो.

ही व्यवस्था कशासाठी? मघाचा आकडा आठवा. टबाची कडा ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. प्रवाह तोडला तरी जडत्वामुळे टब लगेच थांबत नाही. म्हणूनच ब्रेक लागतो. अशा टबात एखाद्याने ‘जरा कपडा नीट करू’ म्हणून हात घातला आणि साडीचा पदर किंवा टॉवेलचे टोक मनगटाभोवती गुंडाळले गेले, तर हात मागे घ्यायला वेळच मिळणार नाही.

म्हणून ड्रायर गप्प असेल तर आधी स्वतःला विचारा: तो बिघडला आहे, की नकार देतो आहे? झाकण पूर्ण बसले आहे का? कपडे टबाच्या काठावर आल्यामुळे ते वर उचलले गेले आहे का? बिजागरी खिळखिळी झाली आहे का? झाकणाचा तो छोटा दांडा मोडला आहे का? पुष्कळदा दोष येथेच सापडतो. कपडे थोडे कमी केले, आतली प्लॅस्टिकची चकती कपड्यांवर सपाट बसवली आणि झाकण नीट लावले, की ड्रायर फिरू लागतो. तो बिघडलेला नव्हताच.

आता खरी धोक्याची गोष्ट. झाकणाचा स्विच खराब झाला, की काही जण तो बदलण्याऐवजी त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतात. ‘डायरेक्ट करून दिला’ असे म्हणतात. ड्रायर फिरू लागतो, पैसे वाचतात आणि घरचे लोक खूश होतात. पण काय झाले ते पाहा. आता झाकण उघडले तरी मोटरीचा प्रवाह चालूच राहतो. ब्रेक आणि मोटर एकमेकांशी झगडत राहतात, मोटर तापते, ब्रेक झिजतो आणि एक दिवस उघड्या टबात हात घालणाऱ्याला अडवणारे कोणीही उरत नाही. त्या घरात चार वर्षांचे मूल असेल तर? त्याला गरगर फिरणारी गोष्ट पाहून हात घालावासा वाटणारच.

‘यंत्र सुरू झाले’ आणि ‘यंत्र दुरुस्त झाले’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. ज्या यंत्राचा पहारेकरी काढून टाकला आहे, ते दुरुस्त झालेले नाही. उलट अधिक बिघडलेले आहे. तुमच्या घरचा ड्रायर झाकण उघडे ठेवूनही फिरत असेल, तर तो वापरणे आजच थांबवा आणि स्विच बदलून घ्या.

हेच तत्त्व परदेशांतल्या ड्रायरमध्येही दिसते. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे बहुधा गरम हवेचा ड्रायर असतो. त्यातल्या ढोलात कपडे उलटसुलट होत राहतात आणि त्यांतून गरम हवा वाहते. त्यालाही दाराचा स्विच असतो. शिवाय उष्णतेने तुटणारा एक फ्यूज असतो. कपड्यांचे बारीक तंतू साचून हवेची वाट बुजली, की आतले तापमान वाढते, फ्यूज तुटतो आणि बऱ्याच बनावटींत यंत्र सुरूच होत नाही. कोणी नुसता फ्यूज बदलला आणि तंतू तसेच ठेवले, तर नवा फ्यूजही तुटतो. कोणी फ्यूज डायरेक्ट केला, तर त्या सुक्या तंतूंना आग लागू शकते. देश वेगळा, यंत्र वेगळे. पण नकाराचा अर्थ तोच.

गुणगुणतो, पण फिरत नाही

आता दुसरी शक्यता घेऊ. मोटर गुणगुणते, पण टब हलत नाही. अशा वेळी पहिले काम म्हणजे टायमर शून्यावर आणून स्विच बंद करणे. अडून राहिलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते आणि थोड्याच वेळात तापून जळू शकते.

मोटर का अडते? तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले, टबालाच कशाने तरी धरून ठेवले आहे. मोजा किंवा हातरुमाल टबाच्या काठावरून निसटून टब आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये जाऊन बसतो. प्लग काढून टब हाताने फिरवून पाहा. झाकण उघडे असताना ब्रेक लागलेला असतो, म्हणून टब थोडा जड फिरेल. पण तो मुळीच हलत नसेल किंवा काही घासल्याचा आवाज येत असेल, तर आत काहीतरी अडकले आहे. निचऱ्याची नळी कोणी वर अडकवून ठेवली असेल, तर पाणी बाहेर न जाता टबाभोवती साचते आणि टबाला पाण्यातून फिरावे लागते. नळी खाली सोडताच हा दोष जातो. कधी ब्रेकची तार सैल होते आणि झाकण लावले तरी ब्रेक सुटत नाही. ते काम मात्र मिस्त्रीचे.

दुसरे, विजेचा दाब कमी आहे. अशा मोटरीचा सुरुवातीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट झाला, तर पीळ किती उरेल? १८० ला २३० ने भागून वर्ग करा. उत्तर ०.६१ येते. दाब सुमारे २२ टक्क्यांनी उतरला, पण जोर ३९ टक्क्यांनी घटला! घरातला पंखा मंद फिरत असेल आणि दिवे मिणमिणत असतील, तर ड्रायरला दोष देऊ नका. दाब सुधारल्यावर पुन्हा पाहा.

तिसरे, धारित्र निकामी झाले आहे. दुकानात याला कपॅसिटर किंवा कंडेन्सर म्हणतात. हे कारण पुष्कळदा आढळते, आणि त्यातले विज्ञान मोठे मजेदार आहे.

जाते आणि मोटर

१८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी विद्युत्प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे त्यांनी दाखवले. पुढे १८८५ मध्ये इटलीतील गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करून दाखवले, आणि १८८८ मध्ये निकोला टेस्ला यांना अमेरिकेत अशा मोटरीची पेटंटे मिळाली. आपल्या पंख्यातली, कूलरमधली आणि ड्रायरमधली मोटर याच घराण्यातली आहे. चुंबकीय क्षेत्र गोल फिरते आणि आतला धातूचा दंडगोल त्याच्या मागोमाग ओढला जातो.

पण घरात येणारी वीज एककला असते. ती एका वेटोळ्यातून सोडली, तर चुंबकीय क्षेत्र फिरत नाही. एकाच रेषेत मागेपुढे होत राहते. यासाठी आजीचे जाते आठवा. जात्याचा खुंटा तुम्ही मधल्या कण्याच्या दिशेने सरळ पुढे लोटला आणि सरळ मागे ओढला, तर जाते फिरेल का? ते नुसते हिसके खाईल. मोटरीची गुणगुण म्हणजे हेच हिसके.

आता दुसरी व्यक्ती जात्याच्या बाजूला, पहिलीशी काटकोनात बसवा. पहिलीने लोटल्यानंतर पाव फेऱ्याने तिने लोटायचे. आता जाते छान फिरू लागेल. मोटरीत ही दुसरी व्यक्ती म्हणजे दुसरे वेटोळे. त्याला लोटण्याची वेळ नेमकी पुढेमागे करून देणारा गडी म्हणजे धारित्र. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पुरे होते. त्याचा पाव भाग ५ मिलिसेकंद. धारित्र दोन वेटोळ्यांतल्या प्रवाहांत साधारण एवढे अंतर पाडते आणि क्षेत्र फिरू लागते. ड्रायरच्या मोटरीचे धारित्र बहुधा ४ ते ५ मायक्रोफॅरडचे, काडेपेटीहून थोडे मोठे असते. ते वयोमानाने निकामी झाले, की दुसरी व्यक्ती उठून गेली असे समजा. जाते हिसके खात राहते.

येथे थांबा

धारित्र बदलणे सोपे असते, म्हणून कोणी तुम्हाला मागचे झाकण उघडायला सांगेल. ते करू नका. धारित्राचे कामच विद्युत्भार साठवण्याचे आहे. २३० व्होल्ट हा आपल्या विजेचा परिणामी दाब आहे; त्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. प्लग काढल्यानंतरही धारित्रात भार शिल्लक राहू शकतो आणि त्याचा जबर धक्का बसू शकतो. जाणकार मिस्त्री आधी त्यातला भार काढून टाकतो, मगच हात लावतो.

तसेच टब फिरत नाही म्हणून वीज चालू ठेवून त्याला हाताने गती देऊ नका. हिसके खाणाऱ्या मोटरीला कोणत्याही दिशेने जरा ढकलले तर ती फिरू लागते हे खरे, पण मग तुमचा हात कोठे असेल?

आणखी एक गोष्ट. ड्रायरच्या प्लगची तिसरी पिन लांब आणि जाड असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर पाहणी तेथेच थांबवा, कोरड्या हाताने मुख्य स्विच बंद करा आणि घरातल्या मोठ्यांना सांगा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून प्लगला हात लावायचा नाही, हा नियम तर कायमचाच.

वर्गात करून पाहा

एका फळीवर नवे ९ खिळे ओळीने ठोका आणि त्यांना १ ते ९ क्रमांक द्या. शेजारच्या खिळ्यांना तारेच्या ८ तुकड्यांनी जोडा. पहिल्या आणि नवव्या खिळ्यांच्या मध्ये विजेरीचे दोन सेल आणि विजेरीचा बल्ब एकसरीत जोडा. बल्ब लागेल. आता शिक्षकांनी सर्वांच्या नकळत एका तुकड्याच्या टोकाखाली चिकटपट्टी गुंडाळून तेथला संपर्क तोडावा. बल्ब विझेल. दोष कोठे आहे?

एकेक तुकडा तपासत गेलात, तर ७ वेळा तपासावे लागू शकते. त्याऐवजी एक सुटी तार घ्या आणि तिची टोके खिळा १ व खिळा ५ यांना लावा. बल्ब लागला, तर दोष पहिल्या चार तुकड्यांत. नाही लागला, तर उरलेल्या चारांत. मग त्या चारांचे पुन्हा दोन भाग करा, मग दोनांचे. फक्त ३ तपासण्यांत दोष सापडतो! ड्रायरच्या बाबतीत आवाज ऐकून आणि धुण्याची मोटर चालवून आपण हेच केले: प्रत्येक प्रश्नाने संशयितांची यादी कापत आणली.

ही सुटी तार ३ व्होल्टच्या खेळातच वापरायची. घरच्या विजेत ती वापरणे म्हणजेच ‘डायरेक्ट’ करणे. दोष दाखवून देणारी तार तशीच जोडून ठेवली, तर ती दोष लपवणारी तार होते.

विचार करा

१. फळीवर १६ तुकडे असते, तर जास्तीत जास्त किती तपासण्या लागल्या असत्या?

२. टायमर टिकटिक करतो, धुण्याची मोटर चालते, ड्रायर मात्र गप्प आहे. संशयितांच्या यादीत आता कोण कोण उरले?

३. तुमच्या घरात किंवा शाळेत ‘नकार देणारी’ आणखी कोणती यंत्रे आहेत? प्रेशर कुकरचे झाकण, लिफ्टचे दार, आणखी काही? प्रत्येकाचा नकार कोणाला वाचवतो, ते वहीत लिहून काढा.